थोरलीचा अडलेला हात

आबांना सुना दोन. धाकटी हाडामांसाची, पोराने पसंत करून आणलेली. थोरली लोखंडाची, पिवळीधमक, अंगापेराने वीस टनांची. ती आबांनी स्वतः पसंत केलेली, निदान त्यांचं म्हणणं तसं. खरं पाहता ती कंपनीची माती खणायची पोकलेन, आणि आबा तिच्यावरचे ऑपरेटर. पण तिच्या केबिनीत बसून बसून नातं असं मुरलं होतं की कुणी तिला 'मशीन' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "थोरलीला ग्रीस दिलं का?" "थोरलीचे दात झिजलेत, नवे बसवायला हवेत." लग्न होऊन आलेल्या धाकटीला पहिले काही दिवस वाटत होतं, आपल्याला एक जाऊ आहे, ती कुठेतरी बाहेरगावी असते आणि बिचारीचे दात खराब आहेत.

पुढे ओळख झाली. झाली ती अशी की दोघी जिवाभावाच्या झाल्या, कारण धाकटीचा धंदाच मोठ्या यंत्रांच्या विजेचा. क्रेन, रोलर, डंपर, कुणाचं काय अडलं की तिला हाक. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला मीटर, कमरेला पक्कड, आणि केसांच्या अंबाड्यात खोचलेला टेस्टर. साईटवर तिला सगळे मीटरबाई म्हणत. घरी आबा म्हणत, धाकटे.

तर ही थोरली अलीकडे रुसायला लागली होती.

रुसणं मोठं नमुनेदार. इंजिन धडधडत असायचं, दिवे लागलेले, पंखा फिरतोय, आणि भरल्या बकेटीसह हात वर गेला की मधेच थांबायचा. आबा लिव्हर मागे ओढत, पुढे ढकलत; हात जागचा हलत नसे. आभाळाकडे मूठ करून थोरली उभी, जणू वरच्या कुणाशी तिचं भांडण आहे. मग आबा डाव्या हाताची लाल दांडी वर करत, पुन्हा खाली घेत, आणि ती काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागे. घटकाभर बरं चाले. पुन्हा तेच.

पाण्याच्या टाकीसाठी मोठा खड्डा खणायचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, "आबा, राग मानू नका. आज मीटरबाईंना बोलावलंय. सांजेपर्यंत दोष सापडला तर सोन्याहून पिवळं. नाही सापडला, तर उद्यापासून हिच्यावर पैलवान बसेल."

"आणि मी?"

"तुम्ही फाटकावर. दांडा वर, दांडा खाली. सावली आहे, खुर्ची आहे. पंखा पण लावून देतो."

मुकादम हे मायेने बोलला, म्हणून जास्त लागलं. शिवी दिली असती तर आबांनी परत दिली असती. पंख्याला काय उत्तर द्यायचं?

पैलवान म्हणजे बदली ऑपरेटर. मानेपेक्षा दंड जाड, आणि स्वभावाने गाय. तो बाजूला उभा राहून बुटाने माती उकरत होता, आपलीच काही चूक असल्यासारखा. आणि पंचाईत अशी की पैलवान बसला की थोरली एकदाही अडत नसे.

धाकटी आली तशी आबांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि खाली उतरले. साईटचा रिवाजच तो: वायरमन वर चढला की ऑपरेटरने खाली यायचं. चांगला रिवाज, याने किती जणांचे हात शाबूत राहिलेत. पण त्या दिवशी त्याच रिवाजाने घात केला.

पोकलेनचं सगळं बळ तेलात असतं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला रेटतो, तेल दांड्यांना रेटतं, आणि हात हलतो. पण या मोठ्या तेलाला वाट दाखवायला एक लहान तेल असतं, आणि त्या लहान तेलाच्या वाटेवर एक इवलंसं कवाड. कवाडावर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, कॉइल म्हणतात त्याला. लाल दांडी खाली केली की त्या कॉइलला चोवीस व्होल्ट मिळतात, आणि ती कवाड उघडं धरून उभी राहते. राजवाड्यातल्या दारवानासारखी. दारवानाची भाकरी तोडली की तो दार लावून घेतो. मग आत राजा कितीही ओरडो. थोरलीचा दारवान तर जास्तच मानी होता. एकदा दार लावलं की लाल दांडी वर-खाली करून मनधरणी केल्याशिवाय उघडायचा नाही.

म्हणजे दोष तेलात नव्हता. कुणीतरी दारवानाची भाकरी मधेच तोडत होतं. कुठे, एवढाच प्रश्न.

धाकटीने बॅटरीपासून सुरुवात केली. चोवीस आणि वर थोडे. फ्यूज ठीक. रिले काढून शेजारचा घातला, तोही ठीक. दांडीखालचं बटण दाबून सोडून पाहिलं, टकटक वाजतंय. कॉइल मोजली, अंगाने धडधाकट. जोडांना हात लावला, हलवलं, ओढलं, फुंकर घातली. एक वायर हलेल तर शपथ.

"पैलवानभाऊ, बसा जरा. चालवा."

पैलवान बसला. थोरली अशी लवलवत चालली की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी.

मुकादम शिट्टी बोटाभोवती गुंडाळत म्हणाला, "मी काही म्हणत नाही. पण अंगण तर सरळच दिसतंय."

म्हणीचा पहिला अर्धा भाग त्याने गिळला होता, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"आबा, आता तुम्ही बसा," धाकटी म्हणाली आणि केबिनीच्या दाराशी पायरीवर उभी राहिली. आबा तोंडाला कुलूप लावून काम करत राहिले. बकेट भरली, फिरली, रिकामी झाली. भरली, फिरली, रिकामी झाली. थोरली सासरच्या पाहुण्यांसमोर वागावी तशी शहाण्यासारखी वागली.

धाकटी खाली उतरली, पिशवीतून लांब वायर काढायला झाडाखाली गेली. पाठ फिरते न फिरते तोच इंजिनाचा सूर बदलला. वळून पाहिलं तर हात आभाळात, बकेटीतून माती भुरभुर गळतेय.

ती धावत आली. "आत्ता काय करत होतात?"

"खोदत होतो."

"ते दिसतंय. आणखी काय?"

"आणखी काय? श्वास घेत होतो. तो पण बंद करू का?"

असं तिरकं ते तिच्याशी कधी बोलत नसत. धाकटीने पाहिलं, आबांचे कान लाल झाले होते. खोटं बोलताना तिच्या नवऱ्याचेही असेच कान लाल होतात. तो सध्या ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता, पण कान इथेच ठेवून गेल्यासारखे वाटले.

तिने बाजूला जाऊन सासूबाईंना फोन लावला.

"आई, आबांना हल्ली चक्कर वगैरे येते का? हातात मुंग्या?"

"मुंग्या कसल्या! मुंगळे चावले तरी हलायचा नाही तो. त्याला झालंय वेगळंच. गाणं बंद करून बसलाय."

"गाणं?"

"अगं, तुझ्यासमोर लाजतो. एरवी तोंड कधी मिटत होतं त्याचं? न्हाणीत ओव्या, जेवताना ओव्या. थोरलीवर बसला की तर विचारू नकोस, बकेट भरली की ओवी. आता घरी मुकामुका बसतो, आणि तिथे कुणी बघत नसलं की नकळत तोंड सुटतंच म्हणे. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, गायलं की ती थांबते."

"कोण थांबते?"

"कोण म्हणजे? तुझी जाऊ!"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि म्हणाला, कुणाला सांगू नकोस. त्या मुकादमाने केबिनीत गाणीबिणी बंद केलीत ना, भोंगा ऐकू येत नाही म्हणून. सांगितलं की गात होतो, तर हुकूम मोडला म्हणून काढतील. नाही सांगितलं, तर हात गेले म्हणून काढतील. पोरी, रात्र रात्र छताकडे बघत पडतो गं. म्हणतो, ती माझ्या गाण्याला विटली."

गाण्याने वायर तुटत नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. सुराला वजन नसतं. पण गाणारा माणूस नुसत्या गळ्याने गात नाही. कुणी मान हलवतं, कुणी मांडीवर थाप मारतं.

"आई, गाताना ते करतात काय? अंगाने?"

"करतो काय! टाच आपटतो. दर ओवीच्या शेवटाला, डावी. आपल्या स्वयंपाकघरातली ती फरशी कशाने फुटली असं वाटतंय तुला?"

धाकटीच्या अंबाड्यातला टेस्टरसुद्धा ताठ झाला असेल. "आई, त्यांच्याकडून गाऊन घ्यायचंय. आत्ता. सगळ्यांदेखत."

"म्हण म्हटलं की म्हणेल असं वाटतं का? तो हुकमाचा गडी नाही. त्याला टोचावं लागतं. थांब, कानात सांगते," आणि सासूबाईंनी फोनवर खरंच आवाज बारीक केला.

परत आल्यावर तिने कॉइलच्या वायरीला दोन चिमटे लावले, लांब वायरींनी मीटर केबिनीच्या दाराशी आणला आणि मुकादमाला हाक मारली. आबा आत बसून होते. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांना कळलं की घरचा भेदी फितूर झालाय.

"धाकटे," ते हळूच म्हणाले, "नको."

"आबा, फाटकावर पंखा आहे म्हणे."

आबांनी टोपी पुढे ओढली.

मुकादम जवळ आला. धाकटीने आडपडदा न ठेवता सांगितलं, "आबा गातात. गाताना ही थांबते. तुम्हाला थांबताना दाखवते, मग दुरुस्त करते."

"गातात?" मुकादमाच्या भुवया टोपीखाली गेल्या. "गाणं तर मी बंद केलं होतं."

"केलंत ना. म्हणून तर दोष सापडत नव्हता. माणूस समोर असला की आबा गात नाहीत, आणि गात नाहीत तोवर ही अडत नाही. मी मात्र आपली फ्यूज पुसत बसले."

मुकादमाने शिट्टी तोंडात घातली, वाजवली नाही, बाहेर काढली. ज्या माणसाने गाणं बंद केलं त्यालाच आता गाण्याचा हुकूम द्यायचा होता, आणि तो कसा द्यावा हे कुठल्या मुकादमाला शिकवलेलं नसतं. शेवटी म्हणाला, "हं. म्हणा आबा. कामाचा भाग म्हणून म्हणा."

इंजिन हळू आवाजात ठेवलं होतं. आबांनी लिव्हर धरले. बकेट भरली. तोंड उघडलं. आतून जे निघालं ते दाराच्या बिजागरीला बरं वाटेल असं होतं.

"घसा बसलाय," आबा म्हणाले.

"पाणी द्या रे," मुकादम म्हणाला. पाणी आलं. प्यायले. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा बिजागरी. भोवती गडी जमले होते, पैलवानाने भक्तिभावाने हात जोडले होते. अशा गर्दीत कोकीळही खोकला असता.

मग धाकटीने पायरीवर उभं राहून डोळे मिटले. तिचा गळा म्हणजे आनंद होता. सूर बसमध्ये चढला तर ताल स्टँडवरच राहायचा. तरी तिने खड्या आवाजात, सासूबाईंनी कानात घातलेली ओवी जशीच्या तशी म्हटली:

मर्द गं माझा, डोंगर उचलतो दिवसाचा,
घरी आला की उचलेना तांब्या पाण्याचा!

गडी फिस्सकन हसले. पैलवानाचे जोडलेले हात सुटले आणि तोंडावर गेले. आबांची मान गर्रकन वळली.

"हे तिने सांगितलं?"

"आईंनीच. वर म्हणाल्या, याला जोड ओवी त्यांना सुचायचीच नाही."

"सुचायची नाही?" आबा म्हणाले. लिव्हरवरची बोटं घट्ट झाली, बकेट मातीत घुसली, भरली, उचलली गेली, आणि हात वर जाता जाता आतून असा भरदार, रुंद, उन्हात तापलेला आवाज आला की धाकटीला वाटलं, इतकी वर्षं भिंतीपलीकडून जी पुसट गुणगुण ऐकली ती याचं नुसतं उष्टं होती:

तांब्या कसा उचलू, त्यात थेंब पाणी नाही,
हिच्या तोंडाचा हौद बाई काठोकाठ वाही!

'वाही'वर डावी टाच धाडकन आपटली. मीटरवरचे चोवीस क्षणात शून्य झाले. हात थांबला, आभाळात, मूठ करून.

"पुन्हा!" धाकटी ओरडली.

लाल दांडी वर, खाली. आबांना आता कुणी थांबवू शकलं नसतं.

थोरली गं सून, तिचा हात लांब किती,
उचलून मुठीत घेते डोंगराची माती!

टाच. शून्य. थांबली.

"इंजिन बंद. पाय वर घ्या, आबा."

पायाखालचं रबर उचललं तेव्हा तिथे, बरोबर टाचेखाली, एक काळी वायर होती. केबिनीचा तळ मागे कधीतरी बदलला होता. तेव्हा कुणा घाईवाल्याने ती कडेच्या खोबणीतून नेण्याऐवजी सरळ रबराखालून ओढली होती. वरून पाहिली तर नवीकोरी. बोटांनी चाचपली तर एका जागी मऊ, पिकल्या फळासारखी. धाकटीने वरचं कातडं चिरलं. आत तांब्याच्या तारा तुटून एकमेकींना नुसत्या टेकून उभ्या होत्या. टाच पडली की क्षणभर दूर व्हायच्या, उचलली की पुन्हा गळ्यात गळा.

आबा वाकून पाहत राहिले. गाण्याचा सगळा रंग चेहऱ्यावरून उतरला.

"म्हणजे मीच की गं," ते म्हणाले. "मी गात होतो, आणि तिची नस माझ्याच टाचेखाली होती."

"वायर तिथे असायलाच नको होती, आबा."

"तरी पण. ती दर वेळी सांगत होती, पाय काढा. आणि मला वाटत होतं, ही रुसली."

तिने तुटका भाग कापून टाकला, नवा तुकडा घातला, डाग देऊन जोड पक्का केला, त्यावर नळी चढवून ती गरम करून आवळली. मग सगळी वायर रबराखालून काढून कडेच्या खोबणीत नेली, जिथे टाच तर काय, उंदीरही पोचला नसता. पैलवानाने रबर परत अंथरलं. अंथरताना त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू फाटकावर त्यालाच बसायचं होतं आणि ते टळलं. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "मला रोलर बरा. ही फार उंच आहे. वरून खाली बघितलं की माझं पोट फिरतं." हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मुकादम मात्र अजून मुकादमच होता. "चालली म्हणून झालं नाही," तो म्हणाला. "तशी ती मधेमधे चालतच होती. आता तसंच गाऊन, तशीच टाच आपटून दाखवा. बकेटीतली माती वाटेत न सांडता. मग बघू."

आबांनी टोपी नीट केली. इंजिन जागं झालं. बकेट खाली गेली, भरली, वर आली. आबा गायला लागले, आणि या वेळी ओव्या एकीतून एक निघत गेल्या, जादूगाराच्या हातरुमालांसारख्या. थोरलीची झाली, सासूबाईंच्या हौदाची दोनदा झाली. टाच पडत होती आणि मीटरवरचे चोवीस हलत नव्हते. मग आबांची नजर दाराशी उभ्या पोरीवर पडली, घटकाभर अडखळली, आणि पुढे निघाली:

धाकटी गं सून, मीटर गळ्यात मिरवते,
घरात लागलं भांडण, की आधी फ्यूज तपासते!

टाच! हात चाललाय.

धाकटी गं सून, हिचा गळा नाही गोड,
तुटलं जिथे जिथे, तिथे हिचाच गं जोड!

टाच! धाकटीने मीटरकडे पाहत राहायचं ठरवलं, कारण दुसरीकडे कुठे पाहिलं असतं तर आकडे धूसर दिसले असते.

खरं म्हणजे आबांनी इथे थांबायला हवं होतं. परीक्षा पास झाली होती, माती ढिगावर पडली होती. पण रंगलेला माणूस आणि उतारावरचा डंपर यांना एकच ब्रेक पुरत नाही. त्याच तंद्रीत, त्याच सुरात पुढची ओवी बाहेर पडली, जी एरवी फक्त बंद केबिनीत, इंजिनाच्या आडोशाने म्हटली जायची:

मुकादम आमचा, शिट्टी तोंडात धरून झोपतो,
स्वप्नात पण गड्यांना 'चला चला' म्हणतो!

टाच पडली. हात थांबला नाही. पण बाकी सगळं थांबलं. एक गडी घमेलं डोक्यावर धरून तसाच पुतळा झाला. आबांना आपण काय म्हटलं ते आता कळलं, आणि त्यांनी अतिशय सावकाश, अंडं ठेवावं तशी बकेट जमिनीवर ठेवली.

मुकादम पुढे आला. ट्रॅकवर एक पाय ठेवला. केबिनीत डोकावून रबराकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

"खड्ड्याची पलीकडची कड वाकडी आहे," तो म्हणाला. "गाड्या सकाळी येणार. ती सरळ कोण करणार? मी?"

"उद्या पण मीच का, साहेब?"

"उद्या, परवा, टाकी होईस्तोवर. आणि गाणं चालू ठेवा, पण दार उघडं ठेवून. भोंगा ऐकू आला पाहिजे."

आबांनी लिव्हर असे धरले की जणू कुणाचे तरी दोन हात धरलेत. थोरली वळली आणि वाकड्या कडेकडे निघाली.

धाकटी चिमटे गोळा करत होती. मुकादम तिच्याजवळ घुटमळला, खाकरला, इकडेतिकडे पाहिलं.

"मीटरबाई, एक विचारू? ते झोपेत बोलण्याचं... त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो. ओवी आहे ती. यमकासाठी काहीही म्हणतात."

"बरं, बरं," मुकादम म्हणाला. चार पावलं गेला आणि परत आला. "नाही, म्हणजे, आमची बायको पण असंच म्हणते."